बंदरातला कागद आणि बाजारातली पत्रिका

उरणमध्ये दोन जातींचे कागद तयार होतात आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही.

पहिला कागद बंदराचा. जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं आणि त्यामागोमाग तालुक्यात गोदामं, कंटेनर यार्ड आणि क्लिअरिंग एजंटांची कार्यालयं आली. तिथून निघणारं इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट किंवा बिल ऑफ लेडिंग हातात घ्या. माल पाठवणाऱ्याचं नाव वरच्या डाव्या चौकटीत, त्याखाली माल घेणाऱ्याचं, मधे जहाज आणि बंदरांची नावं, खाली मालाचं वर्णन, नग, वजन. परदेशी कारकुनाला पत्ता वाचता आला नाही तरी पत्ता कुठे आहे हे कळतं. हे आपोआप झालेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपसाठीच्या आर्थिक आयोगाने व्यापारी कागदपत्रांसाठी एक आराखडा तयार केला आणि ए-फोर कागदावर कुठली माहिती कुठल्या जागी येणार हे ठरवून टाकलं. आपल्याकडे निर्यातीच्या कागदांसाठी आलेली ‘अलाइन्ड डॉक्युमेंटेशन सिस्टिम’ त्याच आराखड्यावर बेतलेली आहे. माहिती एकदा भरायची, आणि ती प्रत्येक कागदात आपल्या ठरल्या जागी जाऊन बसते.

दुसरा कागद बाजारपेठेतल्या डीटीपीच्या दुकानातला: लग्नपत्रिका, हळदीचं निमंत्रण, टेनिस क्रिकेटच्या स्पर्धेचं पत्रक, ग्रामसभेची नोटीस, मच्छीमार सोसायटीचा वार्षिक अहवाल. यातली पत्रिका घ्या, कारण मांडणीच्या दृष्टीने ती सगळ्यांत अवघड. वर गणपती, त्याखाली कुलदैवत, आगरी-कोळी घरात बहुधा एकवीरा आई. मग चि. आणि चि. सौ. कां. अशी दोन नावं, दोन्ही सारख्याच मानाची, पण एक चार अक्षरांचं आणि दुसरं नऊ अक्षरांचं. दोन्हीकडच्या आईवडिलांची, आजीआजोबांची नावं. हळदीची तारीख वेगळी, लग्नाची वेगळी, मुहूर्ताची वेळ वेगळी. खाली निमंत्रक, व्यवस्थापक, समस्त परिवार आणि बच्चेकंपनीची किलबिल. गावकीतली पत्रिका असेल तर नावं पाऊणशेच्या घरात जातात. त्यांचा क्रम वयाने आणि मानाने ठरतो आणि एक जरी नाव वर-खाली झालं तरी लग्नघरी रुसवा ठरलेला. तरीही ही मांडणी कुठे लिहून ठेवलेली नसते. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, नावं खोडून नवी घालायची, मावत नसतील तर अक्षर लहान करायचं.

कागदपत्राची मांडणी स्वतः घडवायला शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं, हा प्रश्न या दोन कागदांच्या मधे आहे. मांडणी म्हणजे सजावट असा एक समज आहे. मला ती आधी यादी वाटते. या कागदात कोणकोणत्या जातीच्या गोष्टी आहेत, त्यांतल्या कोणत्या दर वेळी येतात, कोणत्या कधीतरी, कशाला किती जागा, आणि जागा अपुरी पडली तर आधी कोण आकसणार. बंदराच्या कागदात ही यादी आहे, पत्रिकेत ती दुकानदाराच्या डोक्यात आहे. अक्षरजुळणीची लाटेकसारखी प्रणाली ती यादी लिहून काढायला लावते. तिचा खरा उपयोग हा, आणि शिकणाऱ्याला नको होणारा जाचही हाच.

मराठीत हे ज्ञान कधी नव्हतंच असं नाही. मुंबईत जावजी दादाजींनी एकोणिसाव्या शतकात निर्णयसागर छापखाना उभा केला, तेव्हा राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या देवनागरी टाइपाची वाखाणणी देशभर झाली. देवनागरीच्या खिळ्यांची केस मोठी अडचणीची. मात्रा-उकार वेगळे ओतून अक्षराच्या वर-खाली बसवा, नाहीतर जोडाक्षरांसकट अखंड खिळे करा. कसंही केलं तरी खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यापुढे शेकड्यांनी घरं. टिळकांनी खिळ्यांची संख्या १९०च्या आसपास आणण्याचा खटाटोप केला तो यासाठीच. गिरगावात खटाववाडीतल्या मौजेच्या छापखान्यातून निघालेली पुस्तकं आजही उघडून पाहावीत: समास, मथळ्यावरची मोकळी जागा, ओळींमधलं अंतर, सगळं मापात. शासकीय मुद्रणालयांचे संचालक राहिलेल्या बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्रणाचा हा सगळा व्यवहार ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या तीन खंडांच्या ग्रंथात नोंदवला. भाषा संचालनालयाने तो १९७१ साली काढला. मात्र तो इंग्रजीत. जुळाऱ्याचं ज्ञान होतं मराठीत आणि हातात, नोंद झाली इंग्रजीत आणि ग्रंथालयात.

पुढे डीटीपी आलं. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट, मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि त्यांच्या जोडीला पेजमेकर किंवा कोरल ड्रॉ, एवढ्या भांडवलावर तालुक्याच्या गावी छपाईचा धंदा उभा राहिला. ही मोठी गोष्ट होती. पत्रिका छापायला मुंबई गाठायची गरज संपली. पण पान लावणारा माणूस बदलला. जुळाऱ्याकडे पायका आणि पॉइंट ही मापं होती, ओळींमधल्या लेडची जाडी त्याच्या बोटांना माहीत होती. नव्या ऑपरेटरकडे माऊस होता आणि डोळ्यांना बरं दिसेपर्यंत चौकट ओढायची मुभा होती. शिकणं नकलेतून झालं. ते वाईट नाही, जुळारीही नकलेतूनच शिकत. फरक असा की जुळाऱ्याला माप मोजावंच लागे, कारण शिसं ओढून लांब होत नाही.

लाटेकच्या मुळाशी आहेत डॉनल्ड क्नुथ, संगणकशास्त्राचे प्राध्यापक. १९७७ साली आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं त्यांनी पाहिली आणि नव्या फोटोटाइपसेटिंगमधली गणिताची दुर्दशा त्यांना सहन झाली नाही. त्यांनी स्वतःच प्रणाली लिहायला घेतली, ती टेक. तिच्या पोटात दोनच वस्तू आहेत: चौकटी आणि त्यांच्यामधला ताणला-आकसला जाणारा अवकाश. अक्षर ही चौकट, शब्द ही चौकटींची माळ, ओळ, परिच्छेद, पान, सगळं त्यातूनच. ओळ कुठे मोडायची हे टेक ओळीपुरतं ठरवत नाही, अख्खा परिच्छेद तोलून ठरवते. मराठीला हे फार मानवतं. प्रत्यय चिकटून ‘महानगरपालिकेच्यासुद्धा’ असे लांबलचक शब्द होतात आणि भोळी प्रणाली एका ओळीत भगदाडं पाडून पुढच्या ओळीत दाटी करते.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात टेकवर लाटेक रचली. मजकुरात ‘हा मथळा’, ‘ही यादी’ एवढंच सांगायचं आणि तो दिसणार कसा हे ‘क्लास’ नावाच्या वेगळ्या फाइलीत. लेख, अहवाल, पुस्तक असे तयार क्लास सोबत येतात. इथेच शिकणाऱ्यांची गाडी अडते. तयार क्लासचं रूप अमेरिकी गणिती शोधनिबंधाचं आहे: रुंद समास, बारकी अक्षरं, ठसठशीत क्रमांकित मथळे. मराठी मजकूर त्यात परक्या घरी आल्यासारखा दिसतो आणि ‘लाटेकमध्ये मराठी चांगलं दिसत नाही’ असा शेरा मारून लोक परत फिरतात. मराठीचा त्यात काही दोष नसतो. ती मापं मुळात मराठीसाठी घेतलेली नाहीत, एवढंच.

मराठी तिथे पोचली तीही टप्प्याटप्प्याने. नेदरलंड्सच्या फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१च्या सुमारास टेकसाठी देवनागरी आणली, पण मजकूर रोमन अक्षरांत टंकायचा आणि तो आधी एका वेगळ्या आज्ञावलीतून गाळून घ्यायचा. जोनाथन क्यू यांनी २००४ साली झीटेक आणली तेव्हा खरं दार उघडलं: युनिकोडमध्ये सरळ मराठी लिहा, संगणकातला कुठलाही ओपनटाइप फॉन्ट घ्या. २०२०पासून लुआटेकच्या बाजूलाही देवनागरी भरवशाने जुळते. फॉन्टांचीही आता ददात नाही. राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा फॉन्टवरून आयआयटी मुंबईत शोभिका तयार झाला, तो संस्कृतच्या अवघड जोडाक्षरांनाही डगमगत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मोकळ्या परवान्यावर दिले. टिरोचा तर मराठीसाठी वेगळा फॉन्ट आहे. फॉन्ट निवडल्यावर भाषा मराठी असल्याचं त्याला सांगावं लागतं. नाहीतर पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांच्या जागी हिंदी वळणाची अक्षरं येतात. राज्य शासनाने २००९ साली ही मराठी रूपं प्रमाण म्हणून ठरवून दिली आहेत. बऱ्याच फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, मागितल्याशिवाय मिळत नाहीत इतकंच.

मांडणी घडवायला सुरुवात कागदापासून करावी. लाटेकला ए-फोर, ए-फाइव्ह, बी-फाइव्ह, लेटर, लीगल माहीत आहेत. मराठी प्रकाशकांचा डेमी अष्टमांश माहीत नाही. साडेपाच बाय साडेआठ इंच हे माप पानाची मापं ठरवणाऱ्या जिऑमेट्री पॅकेजला हाताने द्यायचं. पुस्तक असेल तर शिवणीकडचा समास बाहेरच्यापेक्षा वेगळा धरायचा आणि एकूण पानं फर्म्याच्या, म्हणजे सोळाच्या पटीत बसतात का ते पाहायचं. त्यानंतर ओळींमधलं अंतर, आणि इथे मी सगळ्यांत जास्त वेळ घालवायला सांगेन. लाटेकमध्ये अकरा पॉइंटाच्या अक्षराला ओळीचं अंतर १३.६ पॉइंट मिळतं. रोमन अक्षराला ते पुरतं. मराठीत एका ओळीत ‘ट्ठ्यू’, ‘द्धृ’ असं काही खाली लोंबतं आणि खालच्या ओळीत रफार, वेलांटी, अनुस्वार एकावर एक चढतात. दोन ओळी एकमेकींना भिडायला लागल्या की टेक ठरलेलं अंतर सोडते आणि तेवढ्यापुरती ओळ खाली ढकलते. परिणाम असा की पानात मधेच कुठेतरी ओळी विस्कटलेल्या दिसतात आणि कारण सापडत नाही. उपाय सोपा आहे: अंतर आधीच अक्षराच्या मापाच्या साधारण दीडपट करावं. अकरा पॉइंटाला सोळा-सतरा. पानात ओळी कमी बसतात, कागद वाढतो, प्रकाशक कुरकुरतो. कुरकुरू द्यावं.

ओळीच्या लांबीबद्दल इंग्रजी पुस्तकांत साठ-पासष्ट अक्षरांचा जो आडाखा असतो तो जसाच्या तसा घेऊ नये. आपलं एक अक्षर म्हणजे त्यांची दोन-तीन. डेमी पानावर ओळीत दहा-बारा शब्द आले की पुरे. शब्द मोडण्याचे मराठीचे नमुने टेकच्या संचात आहेत, संतोष तोट्टिंगल यांनी भारतीय भाषांसाठी ते तयार केले. पण मराठी वाचकाला ओळीच्या शेवटचं संयोगचिन्ह रुचत नाही आणि अरुंद रकान्यात ते ओळीआड दिसू लागतं. तिथे उजवी कड सरळ करण्याचा हट्ट सोडावा.

पृष्ठांक देवनागरीत आणणं, यादीला क, ख, ग देणं, ‘चॅप्टर’च्या जागी ‘प्रकरण’ आणणं ही कामं पॉलिग्लॉसियासारखी पॅकेजं करतात. त्यावर अडून राहू नये. खरी पायरी पुढची. सुरुवातीला सगळे जण मजकुराच्या डोक्यावर आज्ञांचा ढीग रचतात. इथून उचललेल्या चार ओळी, तिथल्या सहा, दोन पॅकेजं एकमेकांच्या पायांत, आणि पुढच्या कागदासाठी तोच ढीग पुन्हा चिकटवायचा. हा ढीग उचलून स्वतःच्या क्लास फाइलीत नेणं म्हणजे मांडणी शिकणं. त्यासाठी मूळ पुस्तकाचा क्लास आधार म्हणून घ्यावा किंवा पीटर विल्सन यांचा मेमॉयर आणि मार्कुस कोम यांचा कोमा-स्क्रिप्ट यांपैकी एक. मेमॉयरची पुस्तिका हीच पुस्तकाच्या मांडणीची शिकवणी आहे. समासांची गुणोत्तरं, मथळ्यांच्या तऱ्हा, सगळं त्यात आहे. कोमा पानाच्या उभ्या-आडव्या पट्ट्या पाडून मजकुराचा चौकोन स्वतः काढून देतो. तो आळशी माणसाला बरा.

पत्रिकेचा क्लास करून पाहावा असं मी सुचवतो, कारण त्यात सगळे पेच दीड पानात भेटतात. वर, वधू, कुलदैवत, हळद, मुहूर्त, स्थळ यांना एकेक आज्ञा. ‘चि.’ आणि नाव यांच्यामधली जागा अतूट, म्हणजे ‘चि.’ एका ओळीत आणि नवरदेव दुसऱ्या ओळीत असं होत नाही. वर-वधूंची नावं एकाच मापात. लांब नाव मावत नसेल तर दोन्ही सारखीच लहान होतील, एकट्याचं लहान होणार नाही, हा नियम लिहिता येतो. निमंत्रकांची यादी दिली त्या क्रमाने दोन रकान्यांत, आधी डावा रकाना भरायचा की आडवं वाचायचं हे एकदाच ठरवून. दुकानात हा वाद दर पत्रिकेला होतो. आणि नावं तीसच्या वर गेली तर अक्षर लहान करायचं की दुमड वाढवायची, हेही आधीच ठरलेलं. हे सगळं लिहिल्यावर कळतं की त्यात संगणकाचा भाग थोडा आहे, बराचसा भाग लग्नघराला विचारायच्या प्रश्नांचा आहे.

शिकायचं कुठे? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लाटेकचे धडे मराठी आवाजात आहेत. पत्र, अहवाल, तक्ते, समीकरणं, संदर्भसूची अशी त्यांची वाट आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ती नीट नेते, पण पडद्यावरचा मजकूर इंग्रजी आणि क्लास तयार. ऐकायला मराठी, घडवायला इंग्रजी. केरळात चित्र वेगळं आहे. तिरुवनंतपुरममध्ये परदेशी नियतकालिकं टेकवर जुळवून देणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या, १९९८मध्ये भारतीय टेक वापरकर्त्यांचा गट स्थापन झाला, २००२ साली टेकचं जागतिक संमेलन तिथे भरलं. त्या कौशल्याला गिऱ्हाईक होतं, म्हणून ते वाढलं. महाराष्ट्रात टेक आली ती प्रामुख्याने गणित आणि भौतिकीच्या विभागांत, आणि तिथे मराठी मजकूर नव्हता. जिथे मराठी मजकूर होता त्या प्रकाशनांत पेजमेकर होतं. दोघांची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं.

दुसऱ्या वाटांचंही पाहावं. इनडिझाइन देवनागरी व्यवस्थित जुळवतं, फक्त भारतीय लिप्या हाताळणारा कंपोझर निवडावा लागतो. भाड्याचा खर्च मात्र दरवर्षी. स्क्रायबस मोफत आहे आणि २०२४च्या सुरुवातीला आलेल्या १.६ आवृत्तीपासून स्थिर रूपात देवनागरी हाताळतं. मासिकाच्या चित्रबहुल पानाला लाटेकपेक्षा तेच बरं. लिबरऑफिसमध्ये ‘स्टाइल’ नीट वापरल्या तर सोसायटीचा अहवाल आरामात होतो, आणि ज्याला स्टाइल वापरायचा कंटाळा येतो त्याने लाटेकच्या वाटेला जाऊच नये. हान्स हागेन यांची कॉनटेक्स्ट ही टेकचीच दुसरी शाखा. तिच्यात तयार रूप कमी आणि मांडणीची सूत्रं सगळी आपल्या हातात, त्यामुळे घडवणाऱ्याला ती अधिक सरळ वाटू शकते, पण मदतीला माणसं थोडी. बर्लिनमध्ये जन्मलेली टिप्स्ट २०२३ला लोकांपुढे आली. तिचे नियम वाचायला सोपे, चूक दाखवताना ती माणसाच्या भाषेत दाखवते, आणि बदल केल्या क्षणी पान दिसतं. आज कोऱ्या पाटीने सुरुवात करणाऱ्या मुलाला मी आधी टिप्स्ट देईन. शोधनिबंध छापणारी नियतकालिकं अजून लाटेक मागतात, म्हणून विद्यार्थ्याला लाटेक टळत नाही. ती ऑनलाइन ओव्हरलीफवर शिकता येते, कित्येक जीबीचा टेक लाइव्ह संच उतरवून घ्यावा लागत नाही.

मग उरणच्या दुकानदाराने हे शिकावं का? एका पत्रिकेसाठी नाही. गिऱ्हाईक समोर खुर्चीत बसलेलं, मामांचं नाव वर घ्या म्हणतंय, तिथे माऊसच बरा. पण जो कागद पुन्हा पुन्हा येतो, दरवर्षीचा अहवाल, दर महिन्याची नोटीस, गावच्या मंडळाची स्मरणिका, पतपेढीची ताळेबंद-पुस्तिका, तिथे लिहून ठेवलेली मांडणी दुसऱ्याच वर्षी वेळ परत देते. सोसायटीच्या सचिवाने आकडे एका तक्त्यात भरायचे आणि अहवाल निघायचा. बंदरातल्या कार्यालयात बसलेली त्याच्याच गावची मुलं रोज हेच करतात, इंग्रजीत, दुसऱ्याने आखलेल्या चौकटींत.

अडचण येते ती जुन्या फाइलींची. दुकानात साठलेला सगळा मजकूर जुन्या फॉन्टांच्या संकेतात आहे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली, तरी जुने संगणक जपून ठेवले जातात ते त्या फाइली उघडाव्यात म्हणून. त्या मजकुरात अक्षरं नाहीत, अक्षरांचे तुकडे आहेत: काना वेगळा, अर्धा भाग वेगळा, वेलांटी आधी. परिवर्तकातून तो युनिकोडमध्ये आणता येतो, पण हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या परिवर्तकाला ऱ्य आणि र्य यांतला फरक कळेलच असं नाही. ‘किनाऱ्यावर’चं ‘किनार्यावर’ होतं, आणि ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं तर शुद्धलेखन-तपासकालाही संशय येत नाही, कारण दोन्ही शब्द खरे. म्हणून दहा वर्षांचे अहवाल नव्या साच्यात आणायचे ठरवलं, तर क्लास लिहिण्याचा खर्च आधी धरू नये. आधी मुद्रितशोधकाचा धरावा, तोच मोठा निघतो.